पाय पाय!

मुलांनो, "पाय पाय" म्हणजे काय, सांगा बरं? पुण्या-मुंबईची मुलं म्हणतील, "त्यात काय अवघड? दोन पाय!" पण आमच्या भंडारा जिल्ह्यात "पाय" म्हणजे पाय तर आहेच, शिवाय "पाय" म्हणजे "पाहा"सुद्धा! तेव्हा "पाय पाय" म्हणजे "पाय पाहा". हे दोन शब्द माझ्या आबाजींचे. ते मी वेळेवर आठवले असते, तर आज सांगतोय ती गोष्ट जरा वेगळी झाली असती.

आबाजी म्हणजे बैलांचे मोठे जाणकार. आमच्याकडे धान निघालं, कोठ्यांत भरलं, की शंकरपटाचे दिवस येतात. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मधली काही वर्षं न्यायालयाच्या बंदीमुळे ती बंद होती. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि पट पुन्हा सुरू झाले. मी सांगतोय ते त्याच्या कितीतरी आधीचं, माझ्या लहानपणचं. तेव्हा गावातलं कुणी गोऱ्हा घ्यायला बाजारात निघालं, की आबाजींना बरोबर नेत असे. मीही त्यांचं धोतर धरून मागे मागे.

सगळे जण गोऱ्ह्याची उंची बघत, शिंगं बघत, चकाकणारी कातडी बघत. आबाजी मात्र त्याला चार पावलं चालवायला सांगत आणि स्वतः मागे जाऊन उभे राहत. खुरं बघत. गुडघे बघत. मग जवळ येऊन त्याच्या मानेवर हात ठेवत आणि तो बिचकतो का, ते बघत. मी विचारलं, "आबाजी, तो दुसरा तर याच्यापेक्षा केवढा उंच आहे!" तर म्हणाले, "उंची पायते तो फसते, बाबू. पाय पाय!"

मी मोठा झालो, शिकलो, आणि जिल्ह्यातल्याच एका शाळेत व्यायामशिक्षक झालो. आबाजींचं वाक्य मात्र बाजारातच राहून गेलं.

शाळेच्या मागे मोकळं मैदान होतं. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून मी एक लोखंडी कडं करून घेतलं, सागाच्या फळीला ठोकलं आणि बरोब्बर 3.05 मीटर उंचीवर लावलं. बास्केटबॉलची रिंग जगभर एवढ्याच उंचीवर असते. 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथे नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ शोधला, तेव्हा त्याने फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या त्या दहा फुटांवर. तीच उंची आजही आहे. खेळाडू उंच होत गेले, रिंग तिथेच राहिली!

आणि मग 2011 च्या जूनमध्ये नववीच्या वर्गात एक मुलगा आला. दारातून येताना तो वाकला. खरंच वाकला! चौदा वर्षांचा मुलगा आणि उंची सहा फूट दोन इंच. वर्गाने दुसऱ्याच दिवशी त्याचं बारसं केलं. ताडासारखा उंच आणि चंद्रपूरचं जंगल सगळ्यांना ठाऊक, म्हणून नाव पडलं ताडोबा! त्यालाही ते आवडलं असावं, कारण पुढे वहीवरसुद्धा तो तेच लिहायचा.

मी काय केलं असेल? खिशातून टेप काढली, त्याला भिंतीला उभं केलं, मोजलं आणि मनातल्या मनात नाचलो. "अरे, हा तर राज्याच्या संघात जाणार!" मी त्याला एवढंच म्हणालो, "उद्यापासून पहाटे साडेपाचला मैदानावर." तो म्हणाला, "होय जी." झालं. आमचं बोलणं संपलं. हे लक्षात ठेवा, मी या गोष्टीकडे परत येणार आहे.

ताडोबाचं घर शेतकऱ्याचं. दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी झाली, की बांधीत कडपा पसरलेल्या असतात. त्या वाळल्या की भारे बांधायचे आणि भाऱ्यांचे पुंजणे रचायचे. पुंजण्यावर एक जण उभा असतो आणि खालून दुसरा त्याच्याकडे भारे फेकतो. ताडोबा फेकणारा. एकदा मी त्याला सरावाला न आल्याबद्दल रागवायला म्हणून शेतावर गेलो, तर त्याचं फेकणं बघतच राहिलो. वरचा माणूस डावीकडे वळला, की भारा डावीकडे. उजवीकडे वळला, की उजवीकडे. भारा नेमका त्याच्या हातात, छातीशी. वरच्याला वाकावं लागत नव्हतं की हात ताणावा लागत नव्हता. मी म्हणालो, "वा!" आणि विसरून गेलो. बास्केटबॉलचा याच्याशी काय संबंध?

जिल्हा स्पर्धेत आमचा संघ जिंकला. ताडोबाने एकट्याने अठरा गुण केले. समोरची मुलं त्याच्या खांद्याला लागत होती. तो रिंगखाली उभा राही, चेंडू वरच्यावर झेली आणि टाकी. पालकांनी मला हार घातला. मला वाटलं, आपली पारख म्हणजे पारख!

पण मुलांनो, गणितात आपण वजाबाकी शिकतो, ती इथे करायची असते. त्या अठरा गुणांतून उंची वजा केली तर काय उरतं? समोरची मुलं ताडोबाएवढीच उंच असती, तर किती गुण झाले असते? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. उत्तर विभागीय स्पर्धेत नागपूरला मिळालं.

तिथे समोरच्या संघात सहा फुटी तिघे होते. ताडोबाला चेंडू मिळाला, की दोघे त्याला घेरत. पहिल्या अर्ध्यात त्याचे दोन गुण झाले. दुसऱ्या अर्ध्यात त्याने एक गंमत केली. चेंडू हातात आला, दोघे अंगावर आले, तसा त्याने त्यांच्या डोक्यावरून, न बघताच, तो थेट कोपऱ्यातल्या आमच्या मुलाच्या हातात फेकला. त्या मुलाने निवांत टाकला. दोन गुण! पुन्हा तसंच. पुन्हा दोन गुण!

आणि मी कडेवरून काय ओरडलो असेन? "पास काय देतोस? तू उंच आहेस ना! रिंगमध्ये टाक!"

त्याने त्यानंतर पास दिला नाही. आम्ही हरलो.

परतीच्या एसटीत तो मधल्या वाटेत पाय लांब करून बसला होता. गुडघ्याच्या वाटीखाली सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. तो मला आधी दोनदा म्हणाला होता, "सर, गुडघा दुखते." मी म्हणालो होतो, "वाढीचं वय आहे, तेल लाव आणि उड्या मार." भंडाऱ्याला डॉक्टरांनी समजावून सांगितलं. उंची भराभर वाढत असताना हाडं आधी लांबतात आणि मांडीचे स्नायू मागे राहतात. ते वाटीखालच्या हाडाला ओढत राहतात. त्यात रोज उड्या मारल्या, तर तिथे सूज येते. यावर औषध म्हणजे विश्रांती. बहुतेक मुलांचं वाढ थांबली की आपोआप बरं होतं. "पण दुखतंय म्हणत असताना उड्या मारायला लावू नयेत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तरी ते वाक्य कुणासाठी होतं ते मला कळलं.

ताडोबाने खेळ सोडला. मी चिडलो. गुरुजींच्या खोलीत चहा पिताना म्हणालो, "एवढी उंची फुकट गेली!" खिडकी उघडी होती. बाहेर कोण उभं होतं, ते मी बघितलं नाही.

पुढे 2015 च्या जूनमध्ये एक बातमी आली. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग, उंची सात फूट दोन इंच, याला अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या डॅलस संघाने निवडलं. असा निवडला गेलेला हा पहिला भारतीय. ती निवड कशी होते, ते ऐका. दरवर्षी लीगचे तीस संघ नव्या खेळाडूंमधून आळीपाळीने एकेक नाव उचलतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. मागच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांना आधी उचलण्याची संधी जास्त असते. बहुतेक मुलं कॉलेजात खेळून आलेली असतात. सतनामचा क्रमांक होता बावन्नावा. तो धड्याधड्याने शिकत होता, विकास लीगमध्ये खेळलाही, पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. त्याच्या दोन महिने आधी, एप्रिल 2015 मध्ये, कॅनडातल्या पंजाबी घरातला सिम भुल्लर सॅक्रामेंटो संघाकडून उतरला होता. उंची सात फूट पाच इंच! भारतीय वंशाचा एनबीएत खेळलेला तो पहिला. कॉलेजात त्याने दोन वर्षं गाजवली होती, तरी 2014 च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणी उचललं नव्हतं. एनबीएत तो तीनच सामने खेळला.

मी चक्रावलो. एवढी उंची असून का? मग मी वाचायला लागलो. आणि वाचता वाचता मला आबाजी भेटत गेले.

1984 च्या ड्राफ्टचं बघा. पहिलं नाव ह्यूस्टनने उचललं: हकीम ओलाजुवान, नायजेरियातल्या लागोसचा. तो बास्केटबॉलकडे पंधराव्या वर्षाच्या आसपास वळला. त्याआधी फुटबॉलचा गोलरक्षक होता आणि हँडबॉल खेळायचा. म्हणून एवढ्या उंच माणसाचे पाय नाचणाऱ्यासारखे हलत. पुढे 1994 आणि 1995 साली त्याने ह्यूस्टनला अजिंक्यपद मिळवून दिलं. दुसरं नाव पोर्टलंडचं: सॅम बोवी, सात फूट एक इंच. नडगीच्या हाडाला झालेल्या इजेमुळे कॉलेजचे दोन हंगाम तो खेळलाच नव्हता. पोर्टलंडला उंच माणूस हवा होता, म्हणून घेतला. त्याचा पाय पुन्हा मोडला. आणि तिसरं नाव शिकागोने उचललं. ते नाव तुम्हांला ठाऊक आहे: मायकेल जॉर्डन!

2007 साली त्याच पोर्टलंडला पहिलं नाव उचलायची संधी मिळाली. त्यांनी घेतला ग्रेग ओडन, सात फुटी. दुसरं नाव होतं केविन ड्युरंट. त्या काटकुळ्या मुलाला निवडीच्या चाचणीत 84 किलोचा दांडा एकदाही उचलता आला नव्हता, म्हणून लोक हसले होते. ओडनच्या गुडघ्यांनी दगा दिला. सगळ्या कारकिर्दीत त्याचे 105 सामने झाले. हसू झालेला ड्युरंट 2014 साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. यात ओडनचा काय दोष? काहीच नाही. शरीर कुणाच्या हातात असतं? पण दांडा उचलणं मोजता येतं, म्हणून आपण ते मोजतो. जे मोजता येत नाही, त्याकडे बघतच नाही.

उंच मुलाची पारख करताना काय काय बघायचं, ते आता मला थोडंफार कळतं. उंचीबरोबर हातांची लांबी बघायची. तुम्हीही करून बघा. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरा आणि मित्राला टोकापासून टोकापर्यंत मोजायला सांगा. बहुतेकांची ही लांबी जवळजवळ उंचीएवढीच भरते. काहींची कितीतरी जास्त भरते. अशांची उंची टेप सांगते त्याहून मोठी! मग पाय बघायचे. तो पुढे धावतो तसा बाजूलाही सरकतो का? आता सगळे लांबून टाकतात, तेव्हा उंच माणसाला रिंगखाली देवळातल्या खांबासारखं उभं राहून चालत नाही. मग फ्री थ्रो बघायचा. तिथे समोर कुणीच अडवायला नसतं, म्हणून उंचीचा फायदा उरत नाही. उरतो तो हात. ज्याचा हात तिथे हलका, तो पुढे लांबून टाकायलाही शिकण्याची आशा जास्त. आणि सगळ्यात आधी वजाबाकी: उंची काढून घेतली, तर हा मुलगा काय काय करू शकतो?

आपल्या महाराष्ट्रातही क्रीडाप्रबोधिनीसाठी मुलं निवडताना नुसती उंची बघत नाहीत. 30 मीटर धाव, उडी, मेडिसिन बॉलची फेक, लवचीकपणा, शटल धाव, 800 मीटर अशा चाचण्या असतात. बरंच झालं. पण यातही एक चाचणी कमी आहे असं मला वाटतं. ती कोणती, ते मला ताडोबानेच शिकवलं.

2021 चा जून. पऱ्हे टाकायचे दिवस. कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती. अंगणात कुणीतरी वाकून फाटकातून आत आलं. ताडोबा! आता चोवीस वर्षांचा, शेती बघणारा, ट्रॅक्टर भाड्याने चालवणारा. लांब बसला आणि मोबाइल पुढे केला.

"सर, हे पाय जी."

निकोला योकिच नावाचा सर्बियाचा खेळाडू. त्याच आठवड्यात तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मी बघत बसलो. जाडसर, सावकाश धावणारा, उडी तर जवळपास नाहीच. रिंगपाशी चेंडू येतो, दोघे अंगावर येतात, आणि हा डोक्यावरून, न बघता, कोपऱ्यातल्या गड्याच्या हातात चेंडू ठेवतो. छातीशी. त्या गड्याला वाकावं लागत नाही की हात ताणावा लागत नाही.

माझ्या डोळ्यांपुढे पुंजणा उभा राहिला.

"याले 2014 साली एक्केचाळीसव्या नंबरवर घेतलं जी," ताडोबा म्हणाला. "चाळीस जनं याच्या आधी. सगळे म्हनत होते, हा हळू हाय, जाडा हाय. पास कोनी मोजलेच नाही."

मी गप्प. मग मी ते बोललो, जे नऊ वर्षं घशात अडकलं होतं. "नागपूरला तू पास देत होतास ना रे, तेव्हा मी ओरडलो. आणि गुडघ्याचंही... माझं चुकलं."

तो जमिनीकडे बघत हसला. "गुडघा तर बरा झाला जी. पास बी मी विसरलो होतो. पन तुमी म्हनलं होतं ना, उंची फुकट गेली म्हनून? ते नाही विसरलो. सर, मी का गोऱ्हा आहो जी, फुकट जायले?"

मुलांनो, माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "तुमी टेप लावली, सराव लावला, बूटबी घेऊन देल्ले. पन मले खेळाचं हाय का, हे कधी इचारलंच नाही. इचारलं असतं, तर मी 'हो'च म्हनलो असतो जी. पन इचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

ती राहिलेली चाचणी हीच. आबाजी गोऱ्ह्याचे पाय बघत, खुरं बघत, पण शेवटी मानेवर हात ठेवून थांबत. गोऱ्ह्याला बोलता येत नाही, म्हणून ते हाताने विचारत होते. माझ्यासमोर तर बोलणारा मुलगा उभा होता.

योकिच नंतर 2022 आणि 2024 सालीही सर्वोत्तम ठरला. 2023 मध्ये त्याच्या डेन्व्हर संघाने पहिल्यांदाच अजिंक्यपद जिंकलं. तेव्हा ताडोबा मला हसत हसत सांगायला आला, "सर, याले आता घरी जायची घाई हाय जी! गावाकडे याच्या घोड्याची शर्यत हाय!" खरंच तसं होतं. सोंबोर या त्याच्या गावी तो शर्यतीचे, गाडीला जुंपायचे घोडे पाळतो. आबाजी असते, तर त्यांचं आणि योकिचचं चांगलं जमलं असतं. दोघांनी भाषेशिवाय दिवसभर खुरांवर गप्पा मारल्या असत्या.

मी आता निवृत्त झालो आहे. शाळेमागची रिंग अजून आहे. ताडोबानेच तिला नवं कडं लावून घेतलं. रविवारी सकाळी तो मुलांना शिकवतो, आणि मी बाकावर बसून बघतो. त्याची मुलं पास फार छान देतात. सराव सुरू करायच्या आधी तो एकेकाला विचारतो, "आज कुठं दुखते का?"

मागच्या हिवाळ्यात सातवीतली एक मुलगी मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. वर्गातल्या सगळ्यांहून उंच. म्हणूनच बहुधा खांदे पाडून, मान खाली घालून उभी होती. बाजूने जाणारे दोघे-तिघे म्हणालेच, "अगं, केवढी उंच तू! बास्केटबॉल खेळ!" तिने मान आणखी खाली घातली.

जुनी सवय, काय सांगू! माझा हात खिशात गेला. टेप हाताला लागलीसुद्धा.

तेवढ्यात ताडोबा तिच्यापुढे जाऊन चक्क जमिनीवर बसला. आता तिला मान वर करायची गरजच उरली नाही. त्याने विचारलं, "तुले का आवडते, बाई?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "धावाले."

"मंग धाव ना!" तो म्हणाला. "त्या बाभळीपर्यंत जा अन् ये. चेंडूचं मंग पाहू."

ती धावली. मुलांनो, काय धावली! मी टेप खिशातच राहू दिली आणि तिचे पाय बघत बसलो.